अर्धी फिरवलेली काच

आमच्या नेरूळच्या सोसायटीत कुलकर्णी वहिनी राहतात, त्या एका दिवाळी अंकाचं काम बघतात. परवा लिफ्टमध्ये मला गाठून म्हणाल्या, "सदाभाऊ, तुम्ही एवढी वर्षं शूटिंगमध्ये काढलीत. हिरो-हिरॉइनींच्या आठवणी लिहा की!" म्हटलं, "वहिनी, हिरो समोर उभा असायचा हे खरं, पण माझं लक्ष काचेवरच्या बोटांच्या ठशाकडं. हिरोनं कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय हेसुद्धा मला नंतर मॉनिटरवर शॉट बघून कळायचं." तोवर त्यांचा मजला आला. दार धरून म्हणाल्या, "मग काचांचंच लिहा." बाईमाणूस हुशार आहे, सुटू देत नाही.

तर काचांचं. कॅमेरा भाड्यानं येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक माणूसही येतो. त्याला अटेंडंट म्हणतात. कॅमेरा उचलायचा, बसवायचा, पुसायचा, उन्हात तापला तर वर छत्री धरायची आणि संध्याकाळी लेकरासारखा गुंडाळून परत न्यायचा. मी तो माणूस. माझं नाव कुठल्या सिनेमाच्या पाट्यांवर शोधू नका. आणि आमच्या धंद्यात एक रिवाज आहे, कुठं लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. अटेंडंटनं कॅमेऱ्याला कुठंही हात लावावा, फक्त लाल बटणाला लावू नये. चित्र घ्यायचं ते कॅमेरामननं. आम्ही बैल धुवायचा, नांगर दुसऱ्यानं धरायचा.

या कॅमेऱ्याबरोबर एक पेटी असते. आत मऊ कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक चौकोनी काच. हे फिल्टर. लेन्सच्या तोंडाशी एक चौकट असते, तिच्यात ती काच सरकवायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढ्या महागाच्या कॅमेऱ्याला वरून आणखी काच कशाला? अहो, तुम्ही भर उन्हात गॉगल का घालता? तसंच. एक काच असते नुसती करडी. रंग बदलत नाही, फक्त ऊन कमी करते. एक असते वर गडद, खाली कोरी. आभाळ फटफटीत झालं तर तेवढंच दाबायचं, जमिनीला धक्का लावायचा नाही. एक असते दुधावर साय धरावी तशी किंचित धूसर. तिच्यातून दिवा बघितला की दिव्याभोवती वलय येतं आणि माणसाच्या चेहऱ्यावरचे खड्डे, सुरकुत्या विरघळतात. आणि एक असते गोल फिरणारी. तिचं पुढं सांगतो, कारण जन्मभर सलणारी चूक मी तिच्याच पायी केली.

काच निवडतो कॅमेरामन. म्हणजे असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर तो आभाळाकडं बघून "सदा" म्हणेपर्यंत माझ्या हातात काच तयार असायची. कधीकधी तो दुसरीच मागायचा. मग मी "देतो साहेब" म्हणून पेटीत उगाच शोधत बसायचो. तेवढ्यात तो परत आभाळाकडं बघायचा आणि म्हणायचा, "नको, ती पहिलीच दे." चाळीसएक वर्षं मी असं नुसतं शोधत बसून पुष्कळ शॉट वाचवलेत. बढाई नाही मारत, पण आहे ते आहे.

सवय अशी लागते की काच नसताना दुनिया बघवत नाही. थंडीतल्या सकाळी खाडीवरून धुकं येतं आणि पाम बीच रोडचे दिवे अजून चालू असतात, तेव्हा मी गॅलरीत उभा राहून मनात म्हणतो, ही सायीची काच, दोन नंबरची. बायको विचारते, "काय बघताय?" मी म्हणतो, "कुणीतरी फार चांगलं काम केलंय." तिनं आता विचारणं सोडलंय. दुपारी चार वाजता समोरच्या बिल्डिंगवर पिवळं ऊन येतं, ते मी तिथंच उभं राहून मावळेपर्यंत बघतो. नोकरी गेली, डोळे तेवढे कामावर राहिलेत.

पस्तावे म्हणाल तर आहेत. नवीन डिजिटल कॅमेरे आले तेव्हाची गोष्ट. जासईला कंटेनरच्या यार्डाजवळ एका मालिकेचं शूटिंग होतं. डोकं फुटेल असं ऊन. मी एकामागं एक तीन करड्या काचा चढवल्या. शॉट लागला आणि मॉनिटरवर वकिलाचा काळा कोट चक्क कत्थई! डायरेक्टर ड्रेसवाल्यावर खवळला. बिचारा पांडुरंग कोट हातात घेऊन सगळ्यांना दाखवत फिरतोय, "साहेब, काळाच हाय वो! आईशप्पथ काळा हाय!" त्याला अर्धा तास शिव्या पडल्या. दुसरा कोट आणला, तोही कत्थई. तोवर माझ्या टाळक्यात प्रकाश पडला होता. त्या काचा डोळ्याला दिसणारं ऊन अडवत होत्या, पण उन्हातली जी धग डोळ्याला दिसत नाही ती तशीच आत जात होती, आणि नवा कॅमेरा ती लाल म्हणून टिपत होता. मी गुपचूप काचा बदलल्या. कोट काळा झाला. डायरेक्टर म्हणाला, "आता कसा बरोबर कोट आणलास!" पांडुरंग कोटाकडं बघत राहिला आणि मी पेटी आवरत राहिलो. बोलायला हवं होतं. बोललो नाही. पांडुरंगा, हे वाचत असशील तर कोट काळाच होता रे बाबा.

आता ती फिरणारी काच. पाणी, काच, गाडीचा टप, कशावरही जी चमक येते, ती चमक ही काच खाते. चौकटीत बसवायची आणि हळूहळू फिरवायची. खाडीकाठच्या दिवाळे गावात, होड्यांच्या धक्क्यावर उभं राहून मी पहिल्यांदा ती डोळ्याला लावून फिरवली होती. आधी पाण्यावर नुसतं आभाळ पसरलेलं, होड्यांची उलटी चित्रं, ढग. बोटानं काच फिरवत गेलो तसं आभाळ पाण्यावरून निघून गेलं. खाली चिखल दिसायला लागला, त्यात गुंतलेली जुनी दोरी, एक चिमणा खेकडा आपल्या बिळाच्या दाराशी बसलेला. आणखी फिरवली, खेकडा गेला, आभाळ परत आलं. किती वेळ मी आभाळ काढत होतो आणि घालत होतो कोण जाणे. कॅमेरामन रानडे साहेबांनी पाठीत धपका घातला तेव्हा भानावर आलो.

त्याच दिवाळे गावात पुढं काही वर्षांनी आम्ही एक माहितीपट करत होतो. खाडीतली मासेमारी, हा विषय. दिग्दर्शन ऋचा मॅडमचं, पोरगी मनापासून काम करणारी, पण दिवसभर घड्याळ आणि भरतीचं वेळापत्रक हातात. कॅमेऱ्यावर रानडे साहेबच. एका सकाळी हिराबाय नावाच्या म्हाताऱ्या कोळणीच्या घरी मुलाखत होती. सत्तरी ओलांडलेली, आवाज मात्र अजून मासळीबाजाराचा. नवरा वारून बारा-तेरा वर्षं झालेली. त्याला ती नावानं बोलत नव्हती, "आमचा नाखवा" म्हणायची. नाखवा म्हणजे होडीचा धनी. भिंतीवर त्याचा मोठा फोटो, काचेच्या फ्रेममध्ये, वर ताजं सोनटक्क्याचं फूल.

मुलाखत झाली. मॅडम म्हणाल्या, "नाखव्याच्या फोटोचा एक शॉट घेऊ आणि निघू, भरती लागतेय." कॅमेरा समोर ठेवला तर काचेत कॅमेराच दिसायचा, म्हणून डाव्या बाजूला तिरका लावला. तिरका लावला की काचेत उजवीकडचं दिसतं. उजवीकडं काय होतं? हिराबाय उभी होती. पदर सारखा करून, फोटोकडं तोंड करून, अगदी ताठ. फोटोवर तिच्या चेहऱ्याची सावली पडल्यागत दिसत होती.

मी काय करणार? जे आयुष्यभर केलं तेच. फिरती काच चढवली आणि चमक मारली. एका बोटाचं काम. म्हातारी गेली, नाखवा लख्ख दिसायला लागला. मिशीचा केस न केस. रानडे साहेब म्हणाले, "वा सदा!" मॅडम म्हणाल्या, "सुंदर, चला." सगळे धक्क्याकडं पळाले. तिथं दुसरा छोटा कॅमेरा होडीवर चढवायचा होता. मी मोठा कॅमेरा आवरायला मागं राहिलो.

हिराबाय माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "दाखव बघू."

मी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर शॉट लावला. तिनं एकदम नाक टेकेल इतकं तोंड जवळ नेलं आणि मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायला लागली. बराच वेळ बघितलं.

"तो दिसतो बेस. पन मी कुठं हाय?"

मी हसलो. "आजी, फोटो तर नाखव्यांचाच आहे ना. तुम्ही फोटोत कुठं?"

"फोटूत नाय रं, काचंत. मी हुबी व्हती ना? मना कशाला पुसलास?"

मी आपलं समजावून सांगायला लागलो, काचेवर चमक आली की फोटो खराब दिसतो वगैरे. तिनं हातानंच मला गप्प केलं आणि खाली बसली. मग जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"आमचा दोगांचा एक बी फोटू नाय. लगनात फोटूवाला आनला व्हता बेलापुरातून. लय नाचला मेला, अशी हुबी ऱ्हा, तशी हुबी ऱ्हा. आनि रोल धुतला तवा सगला कोरा निंगाला. मंग ऱ्हावून गेला. आज काडू, उद्या काडू. ह्यो फोटू बी होडीच्या कागदावरचा मोटा केलेला हाय. तो गेला तवापासून मी रोज सकाली फूल घालते आनि तितं हुबी ऱ्हाते. काचंत मी दिसते, त्याच्या बाजूला. तवा जोडी होते. आता एक डोला गेलाय, दुसरा चाललाय. काचबिंदू हाय. डाक्टर बोलला, जे बघायचा ते बघून घे. मी बोलले, ही पोरा येवडा मोटा कॅमेरा घेऊन येतात, तर त्याच्यात येल आमची जोडी. म्हनून तर हो बोलले तुमाला. नायतर माजा काय अडला व्हता?"

माझी कानशिलं तापली. एकदा एका फोटोवाल्यानं त्यांचा रोल कोरा काढला, आणि दुसऱ्यांदा मी. दोघंही आमच्याच धंद्यातले. त्यानं निदान चुकून केलं असेल. मी तर शाबासकी घेऊन केलं.

धावत धक्क्यावर गेलो. रानडे साहेबांना सांगितलं, शॉट परत घ्यायला लागेल. ते होडीवर एक पाय ठेवून उभे. "का? खराब झाला?" "नाही, चांगला आहे. पण आजी त्यात नाहीत." "त्या कशाला हव्यात? रिफ्लेक्शन मारायचंच होतं ना? सदा, भरती माझ्यासाठी थांबणार आहे का? संध्याकाळी बघू." संध्याकाळी त्या घरात काय दिसणार, डोंबल! उजेड येतो तो खाडीकडच्या दारातून, दुपारपर्यंतच. आणि दुसऱ्या दिवशी युनिट उरणला जाणार होतं. मॅडमना विचारावं म्हटलं तर त्या होडीत बसून निघाल्यासुद्धा.

होडी लांब गेली. मी धक्क्यावर एकटा उभा. वाटलं, सदा, जाऊ दे, आपण कोण? आणि मग म्हटलं, च्यायला, जाऊ कसं देऊ?

परत आलो, कॅमेरा पुन्हा पेटीतून काढला, बसवला. इतक्या वर्षांत लाल बटणाला मी कधी बोट लावलं नव्हतं. त्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. मी स्वतः रानडे साहेबांना संध्याकाळी कबूल केलं की तुमच्या कॅमेऱ्यावर लाल बटण मी दाबलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात देताना म्हणाले, "फोकस बरा ठेवलायस." बस्स, तेवढंच. माहितीपटात तो शॉट नाही. त्यातलं एक चित्र मी नेरूळच्या स्टुडिओत मोठं करून घेतलं आणि फ्रेम करून दिवाळ्याला पोचवलं. फ्रेम बिनकाचेची केली. स्टुडिओवाला म्हणाला, धूळ बसेल. म्हटलं, बसू दे.

पण त्या दुपारचं सांगत होतो. सगळी आळी जेवायला बसलेली, बाहेर वाळत घातलेल्या सुकटीचा वास, दारातून खाडीचा उजेड आत आलेला आणि पाण्याबरोबर छपरावर हलत असलेला. हिराबायला म्हटलं, "आजी, रोज उभ्या राहता तशा उभ्या राहा."

"नवा लुगडा नेसू?"

"रोज नेसता का?"

"नाय."

"मग असू द्या."

तिनं दाराच्या चौकटीला हात लावला, तिथून दोन पावलं मोजली आणि थांबली. नजर जवळजवळ गेलेली, पण जागा बोटभर चुकली नाही. मला वाटलं होतं मला तिला इकडं या, तिकडं व्हा सांगायला लागेल. काही सांगावं लागलं नाही.

मी डोळा लावला आणि काच फिरवायला सुरुवात केली. एका टोकाला नुसता नाखवा, मघासारखा. दुसऱ्या टोकाला नुसती हिराबाय, मागं उजेडाचं दार, आणि नाखवा पार पुसलेला. आमच्या धंद्यात ही दोनच टोकं. एकतर चमक मारा नाहीतर ठेवा. मधे काच सोडली तर कॅमेरामन ओरडतो, "अरे, धड इकडं ना तिकडं!" मी बोटानं हळूहळू मागं घेत गेलो. नाखवा खालून वर यावा तसा वर येत गेला, आधी मिशी, मग डोळे. ती थोडी विरळ झाली, पण गेली नाही. बरोबर अर्ध्यावर दोघं सारखे दिसायला लागले. तिचा चेहरा त्याच्या खांद्याशी. कोण भिंतीवरचं आणि कोण जमिनीवरचं, सांगता येईना. मी बोट काढून घेतलं. मग तेच बोट लाल बटणावर ठेवलं.

अर्धं मिनिट घेतलं असेल. ती जराही हलली नाही.

"झालं आजी. या, बघा."

ती आली. पुन्हा तसंच नाक टेकवून, मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायला लागली. मी चित्र थांबवून धरलं. मला धास्ती, की दिसतंय की नाही हिला? पुरेसा उजेड आहे का? विचारावं की विचारू नये? शेवटी तिनं बोट पुढं केलं आणि पडद्यावर ठेवलं. ठसा उमटला, पण त्या दिवशी मी तो पुसला नाही. बोट नाखव्यावर नव्हतं, चित्रातल्या स्वतःच्या डोळ्यांवर होतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रोज ती काचेत स्वतःला बघायची, त्या वेळी तिचे डोळे स्वतःकडं असायचे. त्याच्याकडं बघायची तेव्हा स्वतःला बघता यायचं नाही. कुणालाच येत नाही. कॅमेरा तिरका होता म्हणून तिला आज दिसत होतं, की ती नाखव्याकडं कशी बघते ते.

"ही मी?"

"तुम्हीच की."

"मी अशी बघते त्याच्याकडं?"

मी मान हलवली. तिला माझी मान दिसली नसणार. तिनं बोट डोळ्यांवरून उचललं, हळूच नाखव्याच्या गालावर नेलं आणि चापट मारल्यासारखं दोनदा टेकवलं.

"आरं मेल्या," ती त्याला म्हणाली, "तुला रोज दिसत व्हता ना? मंग एकदा तरी सांगाचास."